निर्णय होईपर्यंत तात्पुरते

आमच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या डाव्या कानाची जाडी मध्यभागी साडेसतरा मिलिमीटर आहे. उजव्या कानाची सात. मापन मी स्वतः व्हर्नियर कॅलिपरने, त्यांच्या परवानगीने, तीन वेळा केलं असून तिन्ही नोंदी जुळतात. (ते त्या वेळी फोनवर बोलत होते. उजव्या कानाचं माप फोन ठेवल्यावर घेतलं.) तरुणपणी कुस्ती खेळणाऱ्या माणसाचा कान चटईवर घासून घासून असा सुजतो आणि जन्मभर तसाच राहतो. त्यावरून माणूस किती लढला ते कळतं. जिंकला किती ते कळत नाही. ही कानाची मर्यादा आहे.

न घेतलेला निर्णय आजवर कोणाचाही चुकलेला नाही. शंभर टक्के खरी ठरणारी विधानं विज्ञानात फार थोडी सापडतात, म्हणून या विधानाबद्दल मला प्रामाणिक आदर आहे. आमच्या साहेबांनी ते आयुष्यभर आचरणात आणलं, आणि त्याच बळावर ते चटईवरून खुर्चीपर्यंत पोहोचले. कंपनीत त्यांना सगळे पंचसाहेब म्हणतात.

महाविद्यालयात ते चार वर्षं अडुसष्ट किलो गटात लढले. एकूण लढती एकेचाळीस. विजय सहा, पराभव शून्य, बरोबरी पस्तीस. (तेव्हाच्या नियमांत बरोबरीला जागा होती. पुढे ती काढून टाकली. कारण कुठे नोंदलेलं नाही, पण दुरुस्तीची तारीख त्यांचं शिक्षण संपल्यानंतर दोन महिन्यांची आहे.) त्यांचा डाव एकच होता. शिटी वाजली की समोरच्याची दोन्ही मनगटं धरायची आणि वेळ संपेपर्यंत सोडायची नाहीत. सहा विजय मिळाले तेही समोरचा कंटाळून निघून गेल्यामुळे. त्यांचे वस्ताद कडेवरून ओरडायचे, “अरे, कुस्ती खेळतोयस का रांगेत उभा आहेस?”

ज्याला लढताना कुणाचीच बाजू घेता आली नाही, स्वतःचीसुद्धा, त्याने पुढे पंच व्हावं हे ओघानेच आलं. नऊ वर्षांत त्यांनी चारशे बारा लढतींत पंचगिरी केली आणि त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार झाली नाही. पद्धत सोपी आहे. चटईवर पंच, कडेला साहाय्यक आणि टेबलामागे प्रमुख, असे तिघे असतात. पंचाला शंका आली तर त्याने बाकीच्या दोघांकडे बघायचं. दोघांचं एकमत झालं की तोच निर्णय. आमच्या साहेबांना शंका प्रत्येक गुणाला यायची. त्यामुळे चूक झालीच तर ती बाकीच्या दोघांची होई, आणि निर्णय बरोबर आला तर लोक म्हणत, पंच किती नम्र आहे बघा.

या पद्धतीत एकच कच्चा दुवा होता. बाकीच्या दोघांचं एकमत झालं नाही तर? चारशे अकरा लढतींत तसं घडलं नाही. चारशे बाराव्या लढतीत घडलं.

ती अडतीस वर्षांपूर्वीची आंतरमहाविद्यालयीन अंतिम लढत. आमच्या कंपनीचे जुने मालक कुस्तीचे शौकीन होते. जिंकेल त्याला कारखान्यात कायमची नोकरी आणि कंपनीच्या वसाहतीत घर, असं त्यांनी जाहीर केलं होतं. (आमचा कारखाना बाटल्यांची झाकणं बनवतो. बाटल्या दुसरे बनवतात आणि आत काय भरायचं ते तिसरे ठरवतात. आमच्यावर फारसं काही अवलंबून नसतं, हे मी कौतुकाने सांगते आहे.) एक मुलगा तांबड्या पोशाखात होता, वय वीस. दुसरा निळ्या, वय बावीस. गुण चार-चार. अगदी शेवटी निळा चपळाईने तांबड्याच्या पाठीमागे गेला, त्याला खाली घेतलं, आणि घंटा झाली. पकड आधी की घंटा आधी, एवढाच प्रश्न होता. साहाय्यक म्हणाले, पकड आधी. प्रमुख म्हणाले, घंटा आधी. तिसरं मत पंचाचं.

रिवाजाप्रमाणे पंच मधोमध उभा राहतो, दोघांची मनगटं धरतो आणि विजेत्याचा हात वर करतो. साहेबांनी दोन्ही मनगटं धरली. ते त्यांना उत्तम येत होतं.

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले.

चौदा मिनिटं तिघे तसेच उभे होते. प्रेक्षकांनी आधी आरडाओरडा केला, मग शिट्ट्या वाजवल्या, मग बरोबर आणलेले डबे उघडले. शेवटी सभागृहाचा रखवालदार चटईपर्यंत आला आणि म्हणाला, “साहेब, बॅडमिंटनवाले खोळंबलेत.” तेव्हा विषय तहकूब झाला.

मालक मात्र भारावून गेले. “दोन तगड्या पोरांना चौदा मिनिटं हाताशी धरून ठेवलं,” ते मॅनेजरला म्हणाले, “आणि दोघांपैकी एकही चिडला नाही! आमच्याकडे कामगार आणि मुकादम यांना चौदा सेकंद धरून ठेवणारा नाही. हा माणूस मला पाहिजे.”

अशा रीतीने पंचसाहेब कंपनीत प्रशासन अधिकारी झाले. तांबडा आणि निळा यांच्या नेमणुकांचा प्रश्न त्यांच्याच टेबलावर आला आणि त्यांनी तो लेखी सोडवला. मूळ कागद मी पाहिला आहे. त्यातलं कलम असं: ‘लढतीचा निर्णय होईपर्यंत दोघेही तात्पुरते राहतील व दोघांना वसाहतीत घर मिळेल. निर्णय होताच विजेता कायम होईल आणि पराभूताची नेमणूक व घराचा हक्क त्याच दिवशी संपुष्टात येईल.’ खाली सही. सहीच्या खाली, बारीक अक्षरात, ‘फेरविचाराच्या अधीन’.

पुढची प्रगती वेगाने झाली. नऊ वर्षांनी मालक वारले. थोरल्या मुलाला कंपनी हवी होती, धाकट्यालाही हवी होती. दोघांनी पंचसाहेबांना मध्ये घातलं, तुम्ही म्हणाल ते मान्य. साहेबांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि तोवर खुर्ची रिकामी राहू नये म्हणून स्वतः बसले. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. थोरले त्यांच्या डाव्या बाजूच्या खोलीत बसतात, धाकटे उजव्या. (दोन्ही खोल्यांच्या क्षेत्रफळांत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. तो मी सांगितलेला नाही.) साहेबांचं वय आज एकोणसत्तर. कंपनीत निवृत्तीचं वय साठ आहे. त्यांच्या निवृत्तीची फाइल त्यांच्याकडेच विचाराधीन आहे.

त्यांच्या कार्यपद्धतीवर आता व्यवस्थापनाच्या संस्थांमध्ये व्याख्यानं होतात. तरुण अधिकारी वह्या घेऊन येतात, आणि साहेब त्यांना दोन मनगटं धरून उभं राहण्याचा सराव देतात. “घाई म्हणजे चूक आणि चूक म्हणजे शत्रू,” ते सांगतात. “शत्रू नसलेला माणूस म्हणजे नेता.” मुलं लिहून घेतात. कोणी विचारलंच, “पण सर, निर्णय कधी घ्यायचा?” तर ते त्या मुलाकडे फार प्रेमाने बघतात आणि म्हणतात, “छान प्रश्न आहे. पुढच्या वेळी त्यावर बोलू.”

या पद्धतीचे निष्कर्ष मी आकड्यांत मांडले आहेत, कारण टीका करणारे आकडे बघत नाहीत. गेल्या दहा वर्षांत त्यांच्यापुढे तीनशे अठरा विषय आले. त्यातले तीनशे दोन कोणीही निर्णय न घेता सुटले. चव्वेचाळीस, संबंधित माणूस निवृत्त झाल्यामुळे. एकाहत्तर, संबंधित यंत्र मोडल्यामुळे. एकशे सत्त्याऐंशी, विषय काय होता ते कुणालाच न आठवल्यामुळे. उरले सोळा. त्या सोळांत वयाने सर्वांत मोठा विषय हा अडतीस वर्षांचा.

तो माझ्याकडे वीस वर्षांपूर्वी आला. मी तेव्हा कंपनीच्या प्रयोगशाळेत नवीन होते. झाकण उघडायला किती जोर लागतो, किती थेंब गळतात, हे मोजणं माझं काम. एके दिवशी साहेबांनी बोलावलं आणि टेबलावर एक जुनी व्हिडिओ कॅसेट ठेवली.

“ताई, तुम्ही विज्ञानवाल्या. तुम्हाला कोणाची बाजू नाही. एवढं बघा. घाई नाही.”

मला घाई होती. मी नवीन होते. नऊ दिवसांत अकरा पानांचा अहवाल दिला. चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चौकटी असतात. निळ्याची पकड पूर्ण झाल्यानंतर तिसऱ्या चौकटीला घंटेचा आवाज आहे, म्हणजे बारा शतांश सेकंदांनी. कॅमेरा घंटेपासून सतरा मीटरवर होता आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला पाच शतांश सेकंद लागतात, म्हणून ते वजा केले. उरले सात. संभाव्य त्रुटी चार शतांश. सात चारापेक्षा मोठे आहेत. निळा जिंकला होता.

साहेबांनी अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. “उत्तम,” ते म्हणाले. “इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही. आता याचा अभ्यास करू.” अहवाल समितीकडे गेला. पुढची अठरा वर्षं मी दर वर्षी एक स्मरणपत्र लिहिलं. नंतर थांबले. (त्या वर्षी प्रयोगशाळेला नवीन सूक्ष्मदर्शक मिळाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध मी तपासलेला नाही.)

आता तांबडा आणि निळा यांच्याविषयी. ही त्यांची नावं नाहीत, पण हजेरीपटाखेरीज त्यांची खरी नावं कुठे वापरात नाहीत. त्यांच्या बायकांना सगळे तांबडी वहिनी आणि निळी वहिनी म्हणतात, आणि दोघीही हाकेला ओ देतात. माल रवाना करणाऱ्या विभागात तांबडा आणि गोदामात निळा. दोन विभागांच्या मध्ये एक बाक आहे. तिथे दोघे अडतीस वर्षं शेजारी बसून डबा खातात. कंपनीची अपेक्षा होती की हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहतील. तसं काही झालं नाही. मला वाटतं, चौदा मिनिटं एकाच माणसाच्या हातात अडकून पडलं की जवळीक होतेच.

अहवाल दिल्यावर मी गोदामात जाऊन निळ्याला हळूच सांगितलं होतं. तो खोकी मोजत होता. मोजणी न थांबवता म्हणाला, “ताई, ते मला कोणी सांगायला कशाला पाहिजे? मी तिथेच होतो की.”

“मग बोलत का नाही?”

“बोललो तर कलम काय म्हणतं? मी कायम, आणि हा दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन रस्त्यावर. त्याची पोरगी पहिलीत आहे. राहू दे भिजत घोंगडं. थंडी काय दोघांनाही वाजत नाहीये.” मग तो खोकी पहिल्यापासून मोजायला लागला, कारण आकडा चुकला होता. “आणि त्याला सांगू नका.”

मी सांगितलं नाही. पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत तांबड्याने मला थेट विचारलं, “ताई, तुमच्या त्या अकरा पानांत आहे तरी काय?”

“विचाराधीन आहे,” मी म्हणाले.

तो जोरात हसला. “घ्या! तुम्हीपण शिकलात की.”

इतकी वर्षं या पद्धतीने कोणाचंही नुकसान झालं नव्हतं, हे मी नमूद करते. मग या वर्षी निळ्याला साठ पूर्ण होण्याची वेळ आली.

कायम कामगार निवृत्त झाला तर वसाहतीतलं घर त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे हयातभर राहतं. तात्पुरत्याला तीस दिवसांत सोडावं लागतं. आणि साठ पूर्ण झालेल्या माणसाला कायम करता येत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते निळ्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजायच्या आत. आता एरवी घर बदलणं ही मोठी गोष्ट नाही. पण निळ्या वहिनींच्या डोळ्यांच्या शिरा सुकत गेल्या आहेत आणि गेली सहा वर्षं त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. त्या घरात मात्र त्या कुणाचा हात न धरता वावरतात. स्वयंपाकघरातून दारापर्यंत अकरा पावलं, दारातून नळापर्यंत सात, आणि तांबड्या वहिनींच्या उंबऱ्यापर्यंत एकोणीस. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी दुधाचं पातेलं उतू जायच्या आत गॅस बंद केला. मला दिसत असूनही मी तीन सेकंद उशिरा हलले होते.

“दुसरीकडे पुन्हा मोजायला लागेन हो,” त्या मला म्हणाल्या. “पण या वयात पाढे पाठ होत नाहीत.”

तांबडा आता अठ्ठावन्नचा. त्याची पहिलीतली मुलगी लग्न होऊन गेली. तिच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं आहेत. त्याची नोकरी अजून दोन वर्षं आहे, अर्थात निर्णय होईपर्यंत.

शेवटच्या आठवड्यात बाकावर दोघे बसले होते. मी झाकणांचे नमुने घ्यायला तिथे गेले होते.

“काय रे निळ्या, साठीचा घोडा. आता करणार काय?”

“झोपणार.”

“कुठे?”

निळ्याने डब्याचं झाकण लावलं. “बघू. साहेब विचार करतायत.”

“साहेब!” तांबडा म्हणाला. “त्यांनी हात सोडावा म्हणून मी तेव्हा त्यांच्या पायावर पाय दिला होता. तरी हलला नाही गडी.”

“मीपण दिला होता,” निळा म्हणाला. दोघे इतके हसले की ठसका लागला. सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावरही तांबडा उठला नाही.

मी त्या दिवशी एकोणिसावं स्मरणपत्र लिहिलं. साहेबांनी मला बसवून घेतलं, पाणी मागवलं. “ताई, तुमची तळमळ मला कळते,” ते म्हणाले. “पण बघा, एकाला उचललं की दुसरा पडतो. माझ्या हातून आजवर कोणी पडलेलं नाही.” ते खरंच बोलत होते. डोळे पाणावले होते. मला त्या क्षणी पहिल्यांदा असं वाटलं की हा माणूस लबाड नाही, नुसताच घाबरलेला आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

निळ्याचा निरोप समारंभ कॅन्टीनमध्ये झाला, दुपारी चारला. टेबलं भिंतीला लावली होती. दोनशे बारा माणसं हजर होती. (मी मोजली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.) पुढच्या रांगेत निळा, त्याच्या डाव्या हाताला निळ्या वहिनी, त्यांच्या पलीकडे तांबडा आणि तांबड्या वहिनी. मंचावर थोरले, मध्ये पंचसाहेब, धाकटे. कोपऱ्यात कार्मिक अधिकारी दोन फॉर्म घेऊन उभे होते, एक कायम करण्याचा आणि एक घर सोडण्याचा. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक होता.

साहेब चाळीस मिनिटं बोलले. निळ्याची निष्ठा, तांबड्याची निष्ठा, दोघांच्या निष्ठेतलं साम्य. मग म्हणाले, “आज अनेकांना वाटत असेल की मी काहीतरी बोलावं. पण हा क्षण भावनेचा आहे, आणि भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये, असं मला माझ्या खेळाने शिकवलं. म्हणून मी एक उपसमिती जाहीर करतो.” टाळ्या झाल्या. एकोणीस सेकंद.

कार्मिक अधिकारी कोपऱ्यातून खाकरले. “साहेब, पाचला दहा मिनिटं कमी आहेत. पाचनंतर कायम करता येत नाही.”

“म्हणूनच घाई नको,” साहेब म्हणाले.

त्या वेळी त्या खोलीत काय परिस्थिती होती, ते मी अचूक नोंदवते. साहाय्यक पंच काय म्हणाले होते ते थोरल्यांना माहीत होतं. अहवालाची एक प्रत धाकट्यांच्या कपाटात होती. कार्मिक अधिकाऱ्यांनी तो टंकलिखित केला होता. समितीच्या सात सदस्यांनी वाचला होता, आणि त्या सातांनी मिळून बाकीच्या सगळ्या कॅन्टीनला कधीच सांगितला होता. मी तर लिहिलाच होता. माझ्या पर्समध्ये तो होताही, अकरा पानं, आणि मी पर्सची चेन एकदा उघडून पुन्हा लावली. दोनशे बारा माणसांना उत्तर माहीत होतं आणि दोनशे बारा माणसं साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. तुम्हीही त्यात आहात. निळा जिंकला हे तुम्हाला मी सात शतांश सेकंद सांगितले तेव्हापासून ठाऊक आहे. पण साहेब शेवटी काय म्हणतात ते बघू, म्हणून तुम्हीही इथपर्यंत बसून राहिलात. त्यात वाईट वाटून घेऊ नका. उपसमितीत अजून दोन जागा आहेत.

निळ्या वहिनींनी मान थोडी वळवली आणि हळूच विचारलं, “भाऊजी, किती वाजले?”

“पाचला सात कमी,” तांबडा म्हणाला.

तांबड्या वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या मांडीवर ठेवलेली पिशवी स्वतःकडे घेतली. तो उठला. खुर्ची फरशीवर करकरली. निळ्याने त्याचा शर्ट मागून धरला आणि म्हणाला, “खाली बस, गाढवा,” पण तांबड्याने ती पकड सोडवून घेतली.

“बोला, बोला, तांबडे,” साहेब मंचावरून म्हणाले. “आपलं मत उपसमितीसमोर ठेवू.”

“मत नाही साहेब,” तांबडा म्हणाला. त्याने कार्मिक अधिकाऱ्यांकडे पाहिलं. “तुम्ही लिहून घ्या. घंटेच्या आधी घेतलं होतं त्याने मला. मी हरलो.”